स्टॉक क्लासमध्ये ७.७ सीसीनं गाडी बाद. बोअर मारणं म्हणजे मॉडिफिकेशन होय का दुरुस्ती?

दारव्ह्याचा_पाना

राम राम मंडळी. वाचत असतो, लिहून पहिल्यांदाच राह्यलो. थोडं लंबं होईन, सांभाळून घ्या.

दारव्ह्याले माहं गॅरेज आहे, बंद पडलेल्या शकुंतलेच्या रुळाच्या बाजूले. अठ्ठावीस वर्षं झाले. ट्रॅक्टर, बोलेरो, मोटरपंप, जे दारात येईन ते खोलतो. मारुती ८०० तं इतक्या खोलल्या का लाइट गेली तरी हात थांबत नाही.

दोन वर्षांखाली माह्या पोट्ट्यानं मोबाइलवर ऑटोक्रॉस दाखवला. मोकळ्या मैदानात कोन लावून रस्ता आखलेला, एका टायमाले एकच गाडी सुटते अन् घड्याळ लावून सेकंद मोजतात. म्हटलं हा तं आपला शंकरपट झाला! तळेगाव दशासरचा पट लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाह्यला आहे. बैलाच्या जागी गाडी, बाकी धुरळा तोच.

एका कास्तकारानं उधारीपोटी १९९८ ची पांढरी ८०० सोडून देल्ली होती. कार्बोरेटरवाली, चार गिअरची. दोन लाखाच्या वर चाललेली, निळा धूर सोडे, हजार किलोमीटरले लिटरभर तेल पेये. ब्लॉक यवतमाळले लेथवर नेला. बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होते ते गोल भोक, अंडाकृती झालेलं. लेथवाला म्हणे पंचवीसमध्ये, म्हणजे पाव मिलिमीटर मोठं कापून, साफ होत नाही, पन्नासच मारा लागते. मारलं. पन्नास साइजचे पिस्टन-रिंग टाकले. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाकलेलं होतं, त्याले फेसिंग मारलं, तोंड घासून सपाट केलं. इतकंच. तुमच्यापैकी कोणी गाडी दुरुस्तीले आणली असती तं मी हेच केलं असतं अन् बिलावर 'इंजिन काम' लिहिलं असतं.

नियमाचे सहा पानं आले व्हॉट्सअ‍ॅपवर. क्लास '८०० सीसीपर्यंत, स्टॉक', म्हणजे कंपनीनं देल्ली तशीच गाडी. मी ते पानं इतक्या वेळा वाचले का बायको म्हणे पोथी लावली का? टायर १४५/७० आर १२, कंपनीच्या रिमवर. स्टेपनी काढा असं लिहिलं नव्हतं म्हणून स्टेपनी ठेवली, जॅकसुद्धा ठेवला. पोट्ट्यानं ऑनलाइन मोकळा एअर फिल्टर मागवला होता, तो परत करायले लावला, दोन दिवस बोलला नाही माह्याशी. मागची सीट जागेवर. फॉर्मवर 'इंजिन: स्टॉक' लिहून सही केली. मनात काडीचं पाप नव्हतं.

नागपूरच्या बाजूले झाला कार्यक्रम. मी दुसरा आलो. पहिल्यापेक्षा तीन दशांश सेकंद मागं. एकावन्नव्या वर्षी! पोट्टं नाचून राह्यलं, अन् तितक्यात माइकवर बोलावलं का पहिल्या तीन गाड्या पार्क फर्मेमध्ये, म्हणजे तपासणीच्या बंद जागेत, लावा, हेड खोलाचं आहे.

हेड मीच खोललं, नियमच तसा. तपासणीवाले एक वयस्कर गृहस्थ, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. ते वाकले, फडक्यावर थोडं पेट्रोल घेतलं अन् मधल्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन पुसला. काळं निघालं अन् खालून ०.५० उमटलं. काही बोलले नाहीत. मंग बोअर गेज घातला, वर, मधात, खाली. आडवा फिरवून पुन्हा तीनदा. वहीत ६९.०१ लिहिलं. कॅल्क्युलेटरवर ६९ गुणिले ६९ सुरू झालं तवा माह्या पोटात गोळा आला, कारण मी ते गणित आजवर कधी केलंच नव्हतं. ८०० गाडी म्हणजे ८०० सीसी, विषय संपला. तिची सीसी ७९६ आहे अन् पन्नास साइजमध्ये ८०७.७ होते, हे मले त्या दिवशी समजलं.

७.७ सीसी. गुरांच्या डॉक्टरची दहाची सिरिंज भरत नाही तितक्यात.

गाडी बाद. त्यांनी नीट समजावलं, अपमान केला नाही, उलट चहा पाजला. पण परत येताना ट्रॉलीवर गाडी अन् पुढं आम्ही दोघं बापलेक, नेरपर्यंत कोणी बोललं नाही.

आता विचाराचं हे का, झिजलेलं इंजिन दुरुस्त करणं मॉडिफिकेशन कसं काय? मी पळवासाठी बोअर नाही मारलं, धूर बंद करासाठी मारलं. आता लायनर, म्हणजे आतून धातूची नळी, ठोकून बोअर पुन्हा ६८.५ स्टँडर्डवर आणतो म्हटलं तं त्या सहा पानांत लायनर हा शब्दच नाही. चालते का नाही? अन् फेसिंगचं काय? ते तं त्यांनी मोजलंसुद्धा नाही, पण मले आता माहीत झालं म्हणून झोप येत नाही.

अजून एक. जो तिसऱ्याचा दुसरा झाला, त्याच्या गाडीचा सायलेन्सर मोकळा वाजे. माहा कान अठ्ठावीस वर्षांचा आहे. तक्रार कराची होती का?

वर्ध्याचा_रायडर

काका, एकावन्नव्या वर्षी दुसरा नंबर! आधी पेढे पाठवा.

लायनर टाका अन् चूप राहा. बोअर ६८.५ मोजलं जाईन, पिस्टनवर काही लिहिलेलं नसन, कोणाले काय समजते? सगळे करतात. सायलेन्सरवाल्याले कोणी पकडलं का?

तपासणी_टेबल

वर्ध्याच्या मित्राला आधी सांगतो: हेड उतरवलं की लायनरची कड ब्लॉकच्या तोंडावर गोल रेघेसारखी दिसते. ज्यांनी पिस्टन पुसून पाहिला त्यांच्या नजरेतून ती सुटणार नाही. आणि तेव्हा यांच्या फॉर्मवर दुसऱ्यांदा खोटी सही असेल.

पानासाहेब, मी पुण्याचा, बरीच वर्षं स्पर्धांमध्ये तपासणीला उभा राहतो. तुमची गाडी मी तपासली नव्हती, पण तुमच्यासारखे लोक दर मोसमात भेटतात. नियम पाळायला आलेले, बाहेरून गाडी अगदी कंपनीची. अडकतात ते कायम आतल्या दुरुस्तीत.

हे गणित एकदा स्वतः करून बघा, मग राग थोडा उतरेल. तुमचं एफ८बी इंजिन: बोअर ६८.५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२, तीन सिलिंडर. येतात ७९६ सीसी. पंचवीस साइज मारला असता तरी बोअर ६८.७५ झाला असता आणि सीसी ८०१.८. म्हणजे लेथवाल्याने पंचवीसमध्ये साफ करून दिलं असतं तरी तुम्ही बादच होता. ८०० च्या आत राहायचं तर बोअर ६८.६७ च्या पुढे जाऊन चालत नाही. कंपनीने ठेवलेली फट चार सीसीची आहे, मिलिमीटरमध्ये ०.१७. या गाडीला या क्लासमध्ये रीबोअर नाहीच.

आता दुरुस्ती की मॉडिफिकेशन. नियमाला तुमचा हेतू दिसत नाही, त्याला ६९.०१ दिसतं. तुमच्या इंजिनाची सीसी दीड टक्का वाढली, ३७ हॉर्सपॉवरवर जेमतेम अर्धा घोडा. त्याने तुम्ही दुसरे आला नाहीत, हे मीही मानतो. पण तुम्हाला सोडलं तर पुढच्या वेळी एखादा पैसेवाला चांगलं इंजिन मुद्दाम बोअर करून आणेल, पिस्टन वजन जुळवून बसवेल आणि म्हणेल, झिजलं होतं साहेब. तुमच्यात आणि त्याच्यात फरक करायला माझ्या टेबलावर कोणतं गेज आहे?

लायनरबद्दल. फिआ या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मध्ये ग्रुप ए या वर्गाच्या गाड्यांना ०.६ मिलिमीटरपर्यंत रीबोअर चालतो, क्लासची सीसी ओलांडली नाही तर. त्याच अटीवर लायनरही चालतो. हे वाचून लगेच खूश होऊ नका. तुमची स्पर्धा ग्रुप ए ची नाही, तुमची सहा पानंच तुमचा कायदा. आणि त्याच परिशिष्टात प्रॉडक्शन गाड्यांसाठी मूळ तत्त्व असं की जो बदल करायला परवानगी लिहिलेली नाही तो मनाई आहे. पहिल्यांदा येणारे सगळे उलट वाचतात: मनाई लिहिली नाही ना, मग चालतं. तुम्ही स्टेपनीच्या बाबतीत बरोबर वाचलं होतंत. काढा असं लिहिलं नाही, म्हणून ठेवली. तेच डोकं लायनरला लावा.

पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. स्पर्धेच्या आधी आयोजकांना लेखी विचारा. फोनवर नको, मैदानात चहा पिताना तर अजिबात नको. गाडीचं वर्ष, इंजिन, मूळ बोअर, लायनर टाकून येणारा बोअर, सगळं लिहा आणि उत्तराची प्रिंट गाडीत ठेवा.

फेसिंगचं: ०.३ मारलं असेल आणि चेंबरचं (हेडमधल्या इंधन जळण्याच्या पोकळीचं) तोंड पूर्ण बोअरएवढं धरलं तर चेंबर जास्तीत जास्त १.१ सीसीने कमी होतो. कंप्रेशन ८.७ धरलं तर ते ८.९५ च्या आसपास जातं. गाडी चालवताना कळणार नाही, ब्युरेट (मापाची नळी) लावून चेंबर मोजला की कळेल. किती मारलं ते लेथवाल्याच्या वहीत असतं का बघा. हेडची उंची मोजा, वर्कशॉप मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून घ्या, तेही त्याच पत्रात घाला.

सायलेन्सरचं: तक्रारीला मुदत असते, साधारणपणे कच्चा निकाल लागल्यापासून अर्धा तास. लेखी द्यावी लागते, सोबत फी भरावी लागते, आणि तक्रार खोटी ठरली तर फी जाते. कान कितीही तयार असला तरी आता उपयोग नाही.

दारव्ह्याचा_पाना

साहेब, तुमचं पटलं पण गोड नाही लागलं.

आमचा धंदा काय आहे सांगू? पार्ट भेटत नाही म्हणून दुसऱ्याचा बसवणं. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते, तवा हेड गॅस्केट उडालेली गाडी संध्याकाळच्या आत चालू करून देणं, कारण त्याच गाडीत कोणाची तरी पेशंट यवतमाळले न्याची असते. ट्रॅक्टरचा नट मोटरपंपात बसते का, हे पाहणं म्हणजे आमची अक्कल. अन् तुमची पोथी म्हणते अक्कल घरी ठेवून या.

फेसिंग लेथवाल्याच्या वहीत नाही. त्याच्या वहीत फक्त उधारी असते. हेड मोजलं, मॅन्युअलपेक्षा ०.२५ कमी भरलं. पत्र लिहून राह्यलो.

अकोलेकर_परमुलखी

पानाभाऊ, मी मूळचा अकोल्याचा, सध्या कॅलिफोर्नियात. इथे स्पेक मियाटा नावाची हौशी लोकांची शर्यत आहे. सगळ्यांकडे माझ्दाची तीच छोटी दोन सीटची गाडी, १९९० ते २००५ ची मॉडेलं. टायर ठरलेला, स्प्रिंग-शॉकअप ठरलेले, वजन ठरलेलं. मी एका मित्राच्या गाडीवर शनिवार-रविवार नट आवळायला जातो, बायकोच्या भाषेत फुकटची हमाली.

तुम्हाला वाटत असेल की हे दारव्ह्याच्या माणसालाच होतं. २०१४ ची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या हौशी रेसरांची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, रनऑफ्स, त्या वर्षी लगुना सेका ट्रॅकवर होती. स्पेक मियाटाची शर्यत झाली, पुढच्या गाड्यांची हेडं खोलली आणि त्यातल्या कितीतरी एकामागून एक बाद. कशासाठी? व्हॉल्व्हच्या सीटखाली पोर्टमध्ये (हवेच्या वाटेत) कटर एका ठरावीक खोलीपर्यंत घालायची मुभा नियमात होती. कटर जिथे थांबतो तिथे धातूची धारदार कड राहते. ती कड काही हेडांमध्ये घासून गुळगुळीत केलेली निघाली. कटर घाला असं लिहिलं होतं, कड घासा असं लिहिलं नव्हतं.

यात गंमत अशी की गाड्या चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हेड स्वतः केलेलं नसतं. ते इंजिन बांधणाऱ्याकडून तयार येतं. म्हणजे तुमच्या लेथवाल्यासारखंच. बाद होतो तो चालवणारा, कारण फॉर्मवर सही त्याची.

त्यानंतर माझ्या मित्राने एक सवय लावून घेतली. इंजिन बाहेरून काम होऊन आलं की गाडीत बसवण्याआधी तो स्वतः सगळं मोजतो आणि तारीख घालून वहीत लिहितो. मला आधी हसू यायचं. नवीन बायकोचे दागिने मोजतात तसं मोजतो लेकाचा.

वर्ध्याचा_रायडर

काका, लायनरचं माहं वापस घेतो. पण मंग सरळ भंगारातून दुसरा ब्लॉक काहून नाही घेत? ८०० तं किलोनं विकून राह्यले आता. २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं बनवणंच बंद केलं.

तपासणी_टेबल

ब्लॉक बदलणं हा चांगला मार्ग आहे, तोच मूळ प्रकारचा असेल तर. दोन गोष्टी बघा. पाच गिअरच्या १२ व्हॉल्व्हवाल्या ८०० चं इंजिन वेगळं, ते उचलून आणू नका. आणि ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर आरसीवर त्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागेल. ट्रॉलीवर नेत असलात तरी आयोजक कागद मागतात का ते त्याच पत्रात विचारा.

दारव्ह्याचा_पाना

उशीर झाला मंडळी, सोयाबीनच्या टायमाले थ्रेशर सोडून दुसरं काही सुचत नाही.

पत्र पाठवलं होतं, तपासणीवाल्या साहेबांनी सांगतलं तसं, आकड्यांसकट. नवव्या दिवशी उत्तर आलं. लायनर: नियमांत उल्लेख नाही, म्हणून परवानगी नाही. फेसिंग: हेडची उंची मॅन्युअलच्या मर्यादेत पाहिजे. माहं हेड म्हणजे गेलं. दुसरा ब्लॉक: त्याच मॉडेलचा असन तं चालते, कागद फक्त लायसन्सचे पाहू. प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घातली, डॅशबोर्डच्या खणात आहे.

मंग कारंज्याच्या एका भंगारवाल्याकडं गेलो. तीन ब्लॉक निघाले. एकाले तडा. दुसऱ्याच्या पिस्टनवर फडकं मारलं तं माह्यासारखंच ०.५०, मले हसूच आलं, भंगारवाला पाहतच राह्यला. तिसरा हेडसकट होता. पिस्टनवर काहीच लिहिलेलं नाही. कधी न खोललेला, घाण इतकी का तिच्यात ज्वारी उगवली असती.

बोअर गेज यवतमाळच्या लेथवाल्याकडून मागून आणला. तो म्हणे काय कराचं आहे, मी मोजून देतो ना. म्हटलं नको. रात्री दहाले, शेडमधलं टिन थंड झाल्यावर मोजलं. पोट्टं वहीत लिहून राह्यलं, मी आकडे सांगून राह्यलो. तीन सिलिंडर, प्रत्येकात तीन ठिकाणी, दोन दिशांनी. अठरा आकडे. खालच्या बाजूनं ६८.५२, ६८.५३. वर, जिथं वरची रिंग फिरते तिथं घासलेलं. पहिल्या सिलिंडरमध्ये ६८.६०. तिसऱ्यात ६८.६३. पोट्ट्यानं वहीच्या कोपऱ्यात ६८.६७ लिहून त्याच्याभोवती गोल काढून ठेवला होता. सगळे आकडे त्या गोलाच्या आत. सगळीकडं ६८.६३ च धरलं तरी ७९९ सीसी.

हेडची उंची बसते. स्ट्रेटएज ठेवून फीलर घातला, ०.०५ चं पातं कुठंच शिरलं नाही. म्हणजे फेसिंगचं काम नाही.

आता खरी मजा. बोअर मारता येत नाही. लायनर टाकता येत नाही. हे घासलेलं बोअर हलकं होनिंग करून, म्हणजे आतून नुसतं खरखरीत करून, स्टँडर्ड रिंगा टाकून तसंच चालवा लागते. थंडीत चालू केलं का पिस्टन टकटक करन, थोडं तेल पेईन, निळा धूर सोडन. गिऱ्हाइकाची गाडी असती तं अशी हातात द्याले मले लाज वाटली असती. अन् हीच गाडी नियमात बसते! ज्या धुरापायी मी हा सगळा उपद्व्याप केला, तो धूर आता कायदेशीर आहे.

पोट्टं म्हणे बाबा, धूर सोडत सोडत पहिला नंबर आला तं? म्हटलं मंग हेड तूच खोल.

काम अडलं आहे ते रिंगांवर. १९९८ च्या कार्बोरेटर मॉडेलच्या स्टँडर्ड साइजच्या रिंगा, तिन्ही सिलिंडरचा सेट. दारव्हा, यवतमाळ, कारंजा सगळं पाह्यलं, जो तो पन्नासचा सेट काढून दाखवते. नागपूर-अमरावतीकडं कोणाच्या दुकानात जुना डबा पडून असन तं सांगा, मी सोमवारी अमरावतीले येऊन राह्यलो.